आईकडचं आडनाव : दोन आफ्रिकी डासांच्या नात्याचा गुंता

पूर्व आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात पहाटे झोपडीच्या भिंतीवरून पकडलेली डासाची मादी डोळ्यांसमोर आणा. पोट रक्तानं टम्म, पंखांवर गडद-फिकट ठिपके, बसण्याची पद्धत डोकं खाली आणि बूड वर. ॲनोफिलीस आहे, एवढं नवशिकाही सांगेल. सूक्ष्मदर्शकाखाली पाय आणि सोंडेजवळच्या मिशा तपासून जाणता माणूस ‘गँबिई’पर्यंत पोचेल आणि तिथं अडकेल. कारण ‘गँबिई’ हे एका डासाचं नाव उरलेलं नाही. दिसायला जवळजवळ सारख्या अशा नऊ प्रजातींच्या संकुलाला ते लागू होतं.

यातल्या तिघी या प्रकरणात महत्त्वाच्या आहेत. खुद्द ॲनोफिलीस गँबिई ही दमट हवेतली, माणसाला चावणारी, घरातच विसावणारी आणि हिवतापाची जगातली सर्वांत कार्यक्षम वाहक म्हणून कुप्रसिद्ध. ॲनोफिलीस अरेबिएन्सिस कोरड्या गवताळ मुलखात तग धरते. तिला माणूस चालतो आणि गुरंही चालतात, शिवाय रक्त पिऊन ती बाहेरही बसते. तिसरी क्वाड्रिॲन्युलेटस. तिचा ओढा जनावरांकडे, आणि हिवतापाच्या हिशेबात ती जवळपास निरुपद्रवी. भिंतींवर औषध फवारायचं की गोठ्याकडे बघायचं, हे समोरची मादी यांतली कोण यावर ठरतं. नावाचा घोळ इथं केवळ पुस्तकी राहत नाही.

प्रश्न असा : या बहिणींमध्ये कोण कुणाच्या जवळची? मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएनं याचं उत्तर ठामपणे दिलं. आणि ते उत्तर खोटं नसूनही चुकीच्या प्रश्नाचं निघालं.

अरेबिएन्सिसचं मुंबई कनेक्शन

पुढे जाण्याआधी एक गंमत. अरेबिएन्सिसचं वर्णन वॉल्टर पॅटन यांनी १९०५ मध्ये एडनच्या आसपासच्या प्रदेशातल्या डासांवरून केलं. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं, आणि पॅटन यांचा तो लेख छापला गेला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. म्हणजे आफ्रिकेतल्या हिवतापाच्या मुख्य वाहकांपैकी एकीच्या नावाची नोंद मुंबईत झाली. पुढे ते नाव अडगळीत पडलं. सगळ्यांना ‘गँबिई’च म्हणायचा काळ आला. नंतर ते एक नाहीत हे कळल्यावर काही वर्षं त्या डासांना नुसतं ‘प्रजाती अ’, ‘प्रजाती ब’ असं संबोधलं जात होतं. १९७०च्या दशकात ‘ब’ला तिचं जुनं नाव परत मिळालं.

मायटोकॉन्ड्रियाच का?

पेशीतल्या या छोट्या ऊर्जाघरांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो. डासांमध्ये तो साधारण १५ ते १६ हजार अक्षरांचा गोल धागा. त्यात ३७ जनुकं : १३ प्रथिनांची, २२ ट्रान्सफर आरएनएची, दोन रायबोसोमल आरएनएची. याखेरीज एक नियंत्रक पट्टा, ज्यात ए आणि टी या दोन अक्षरांची इतकी गर्दी असते की तो वाचताना यंत्रंही अडखळतात. गँबिईचा हा धागा १९९३ मध्ये पूर्ण वाचून झाला. लांबी १५,३६३ अक्षरं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या क्वाड्रिमॅक्युलेटस या ॲनोफिलीसचाही वाचून झाला, १५,४५५ अक्षरं. दोन्हींत जनुकांची रांग एकसारखी, पण फळमाशीच्या रांगेशी ताडली तर दोन ट्रान्सफर आरएनए जनुकांनी एकमेकांशी जागा बदललेल्या. अशी अदलाबदल फार क्वचित घडते, म्हणून मोठ्या कुळांच्या फांद्या ओळखायला ती खूण उत्तम.

हा धागा अभ्यासकांना आवडतो त्याची कारणं व्यावहारिक आहेत. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे वाळलेल्या डासाच्या एका पायातूनही तो मिळतो. त्यात बदल भराभर साठतात, म्हणून अलीकडे वेगळ्या झालेल्या प्रजातींतही फरक दिसतो. आणि तो फक्त आईकडून येतो. बापाचा वाटा शून्य, सरमिसळ नाही, त्यामुळे वंशवृक्ष काढणं सोपं. सीओ-वन या जनुकाच्या ६५८ अक्षरांच्या तुकड्यावर तर प्राण्यांच्या ओळखपट्टीचा सगळा डोलारा उभा आहे.

आपल्याकडचे कुलवृत्तांत आठवा. त्यात आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. मुली लग्न होऊन गेल्या की पुढच्या पानावर त्यांचा मागमूस नसतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे बरोबर उलटा कुलवृत्तांत : आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, आणि मुलगा झाला की ओळ तिथेच खुंटली. दोन्ही वह्यांत एकच उणीव आहे. त्या एका रेषेची नोंद ठेवतात, रक्ताच्या सगळ्या नात्याची नाही. वाचणाऱ्याला मात्र हे सोयीनं विसरायची सवय लागते.

विसंगती

गँबिई संकुलातली नाती मायटोकॉन्ड्रियाच्या आधी गुणसूत्रांवरून मांडली गेली होती. अर्धी अंडी भरलेल्या मादीच्या अंडाशयातल्या पोषक पेशींत गुणसूत्रं जाडजूड होऊन पट्टेदार दिसतात. त्या पट्ट्यांच्या क्रमावरून गुणसूत्राचा कुठला तुकडा उलटा बसला आहे ते कळतं. मारिओ कोलुझ्झी आणि त्यांच्या रोममधल्या सहकाऱ्यांनी ही विद्या कमालीच्या बारकाईनं जोपासली. (संकुलातल्या एका प्रजातीला २०१३ मध्ये त्यांचं नाव मिळालं, ॲनोफिलीस कोलुझ्झी.) या पट्ट्यांनुसार गँबिई आणि अरेबिएन्सिस एक्स गुणसूत्रावर स्पष्टपणे वेगळ्या आहेत. अरेबिएन्सिसचे उलटे तुकडे निराळे, गँबिईचे निराळे, आणि गँबिईचे तुकडे किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या मेरसशी जुळणारे. त्या हिशेबानं गँबिई-अरेबिएन्सिस ही काही सख्ख्या बहिणींची जोडी नव्हे.

१९९४ मध्ये नोरा बेसान्स्की आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून झाड काढलं, तेव्हा नेमकी हीच जोडी शेजारी येऊन बसली. तीन वर्षांनी त्यांनी केनिया, सेनेगल आणि दक्षिण आफ्रिका इथल्या रानातून पकडलेल्या डासांचं एक मायटोकॉन्ड्रियल जनुक तपासलं. निकाल आणखी बुचकळ्यात टाकणारा होता : दोन्ही प्रजातींत अक्षरन् अक्षर सारखे नमुने सापडत होते. शेजारच्या गावातली अरेबिएन्सिस आणि गँबिई यांच्यात मायटोकॉन्ड्रियापुरता भेद करणंच मुश्कील.

याची दोन स्पष्टीकरणं संभवतात. एक, पूर्वज एकच होता आणि त्याच्याकडची विविधता दोन्ही लेकींमध्ये अजून तशीच वाटून उरली आहे, वेगळं व्हायला पुरेसा वेळच मिळालेला नाही. दुसरं, वेगळ्या झाल्यानंतरही त्या एकमेकींच्या घरी जा-ये करत राहिल्या. पहिलं स्पष्टीकरण ऐकायला सोज्वळ, पण ते खरं असतं तर गावागणिक सारखेपणा दिसायचं कारण नव्हतं. शोध दुसऱ्याकडे वळला.

पिंजऱ्यातला पुरावा

या शक्यतेचं बीज तीस वर्षं आधीच पडलं होतं. लंडनच्या रॉस इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज डेव्हिडसन कीटकनाशकाला दाद न देण्याचा गुण पुढच्या पिढीत कसा उतरतो हे पाहण्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणच्या ‘गँबिई’ डासांचे संकर करत होते. काही जोड्यांतून झालेले नर वंध्य निघाले. त्यांच्या वृषणांत धड शुक्राणूच नव्हते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यातून निष्कर्ष निघाला की ज्याला आपण एक डास समजतो ते प्रत्यक्षात अनेक आहेत. पुढची बरीच वर्षं प्रजाती ओळखायची रीतही हीच होती : अनोळखी डासाचा ओळखीच्या डासाशी संकर लावा आणि मुलगे वंध्य होतात का ते बघा.

पण डेव्हिडसन यांच्या नोंदींतला दुसरा अर्धा भाग आपल्या प्रकरणासाठी अधिक मोलाचा आहे. मुलगे वंध्य, मुली मात्र धडधाकट. कुठल्याही बाजूच्या नराशी त्यांचं जमत होतं आणि पिल्लं होत होती. जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये सांगितलेला नियम हाच : दोन प्रजातींच्या संकरात एक लिंग बिघडणार असेल तर ते दोन वेगळी लिंगसूत्रं बाळगणारं बिघडतं. डासांत तो नर. (हेच हॉल्डेन पुढे भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

आता कुलवृत्तांताच्या भाषेत हिशेब करा. गँबिईची मादी, अरेबिएन्सिसचा नर. त्यांच्या लेकीत अर्धा केंद्रकी (म्हणजे पेशीच्या केंद्रकातल्या गुणसूत्रांचा) डीएनए गँबिईचा, मायटोकॉन्ड्रिया पूर्ण गँबिईचा. ही लेक अरेबिएन्सिसच्या वस्तीत राहिली आणि तिथल्याच नराशी तिचं मीलन झालं, तर नातीत गँबिईचा केंद्रकी वाटा सरासरी पाव. पणतीत अष्टमांश. असं करत दहाव्या पिढीत तो १,०२४ मधला एक भाग. रूपानं, सवयींनी, गुणसूत्रांनी ती अस्सल अरेबिएन्सिस. आणि मायटोकॉन्ड्रिया? अजूनही संपूर्ण, अखंड गँबिईचा. दत्तक गेलेल्या घरातलं सगळं अंगी बाणावं, पण आडनाव तेवढं जुन्याच घराचं राहावं, तसं.

बहुतेक ठिकाणी निसर्गात अशी संकरित मादी फारच विरळा सापडते, त्यामुळे ही वाट किरकोळ वाटते. पण डासांच्या पिढ्या आठवड्यांत मोजतात, लोकसंख्या अफाट असते, आणि काळ हजारो वर्षांचा. शिवाय पुरुषवंशाची वाट वंध्यत्वानं बंद असल्यामुळे जे काही पलीकडे जाईल ते लेकींमार्फतच जाणार, आणि लेकींबरोबर मायटोकॉन्ड्रिया प्रत्येक वेळी जाणारच. कुंपणातून काय सहज सुटेल याचा अंदाज बांधायचा झाला तर पहिलं नाव मायटोकॉन्ड्रियाचंच घ्यावं लागेल. म्हणजे प्रजातींची नाती ठरवायला आपण नेमका तोच साक्षीदार निवडला होता, जो घर बदलायला सर्वांत तयार.

एक्सचं म्हणणं

संशय कितीही बळकट असला तरी एका जनुकावर किंवा एका धाग्यावर निवाडा होत नाही. तो झाला २०१५ मध्ये, संकुलातल्या सहा प्रजातींचे संपूर्ण जनुकसंच शेजारी-शेजारी ठेवून. मायकेल फाँतेन, बेसान्स्की आणि इतरांनी जनुकसंचाचे लहान-लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचं वेगळं झाड काढलं. गँबिईला गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात : दुसरी, तिसरी आणि लिंगसूत्रं. दुसऱ्या-तिसऱ्यावरच्या बहुसंख्य तुकड्यांनी मायटोकॉन्ड्रियाचीच री ओढली, अरेबिएन्सिस ही गँबिई-कोलुझ्झीची जवळची. एक्सनं मात्र निराळंच सांगितलं : अरेबिएन्सिसची जवळची ती गुरांना चावणारी क्वाड्रिॲन्युलेटस, आणि गँबिई-कोलुझ्झीची फांदी वेगळी.

बहुमताला मान द्यायचा तर एक्स हरतं. पण इथं अभ्यासकांनी मतं मोजली नाहीत, वय मोजलं. तर्क साधा आणि मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा वाटतो. दोन प्रजाती वेगळ्या झाल्यावर पुन्हा डीएनएची देवाणघेवाण झाली, तर ज्या तुकड्याची देवाणघेवाण झाली तो तुकडा दोघींत ‘अलीकडे वेगळा झालेला’ दिसणार, त्यातले फरक कमी असणार. देवाणघेवाणीनं नातं तरुण दिसतं, म्हातारं कधीच दिसत नाही. म्हणून दोन झाडांपैकी ज्याच्या फांद्या जास्त जुन्या, ते मूळचं. तपासल्यावर एक्सच्या झाडाच्या फांद्या जुन्या निघाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या गुणसूत्रांवर मूळ क्रम टिकवून असलेला भाग जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास होता. बाकी सगळीकडे नंतरच्या घरोब्यानं जुनी लिपी पुसून नवी उमटलेली.

एक्सच का टिकून राहिलं, याचं उत्तर पुन्हा पिंजऱ्यात मिळतं. संकरित नरांना वंध्य करणाऱ्या घटकांचा मोठा भार एक्सवर आहे. परकं एक्स आलं की मुलगे वाया जातात, म्हणून निवड ते झपाट्यानं हाकलून देते. आलेस्सांद्रा देल्ला तोर्रे आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नोंदलेल्या प्रयोगात या दोन प्रजातींच्या संकरित वसाहती पिढ्यान् पिढ्या पाळल्या, तेव्हा परकं एक्स थोड्याच पिढ्यांत नाहीसं झालं, दुसऱ्या गुणसूत्रावरचे काही परके तुकडे मात्र मुक्काम करून राहिले. त्यात भर म्हणून दोघींच्या एक्सवर वेगवेगळे उलटे तुकडे आहेत, त्यामुळे तिथं सरमिसळही नीट होत नाही.

२०१८ मध्ये दुसऱ्या एका गटानं हाच डेटा वेगळ्या सांख्यिकी पद्धतीनं तपासला आणि झाडाच्या खोलवरच्या फांद्यांचा क्रम थोडा निराळा मांडला. पण गँबिई आणि अरेबिएन्सिस यांच्यात मोठी देवाणघेवाण झाली, हा मुद्दा त्यातही कायम राहिला.

यात एक योगायोग आहे, जो लक्षात आल्यावर हसू येतं. १९९३ पासून प्रयोगशाळांत या बहिणी ओळखायला जी पीसीआर चाचणी वापरतात, ती रायबोसोमल डीएनएच्या एका पट्ट्यावर आधारलेली आहे. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या थरावर ३९० अक्षरांची रेघ उमटली तर गँबिई, ३१५ ची उमटली तर अरेबिएन्सिस. ही चाचणी इतकी वर्षं चोख चालली, कारण गँबिई संकुलात हा रायबोसोमल पट्टा बसलेला आहे एक्स गुणसूत्रावर. ती रचणाऱ्यांच्या हाती २०१५चं झाड नव्हतं, तरी त्यांनी बोट ठेवलं ते न हललेल्या पानावरच.

मग मायटोकॉन्ड्रिया टाकाऊ?

नाही, आणि इथं घाई करू नये. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला उत्तर देतोय ते बघायचं. आपल्याकडच्या ग्रामीण हिवतापाची मुख्य वाहक ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस. तीही पाच भावंडांचं संकुल आहे, आणि त्यांना वेगळं काढायच्या चाचण्यांत मायटोकॉन्ड्रियावरचं सीओ-टू जनुक कामाला येतं. मुंबई-गोव्यातल्या टाक्यांमध्ये आणि बांधकामांवरच्या साठलेल्या पाण्यात वाढणारी ॲनोफिलीस स्टेफेन्सी २०१२ मध्ये जिबूतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात आढळली, तेव्हा तिथल्या गोंधळात ‘ही तीच’ अशी खात्री करून देण्यात सीओ-वनचा वाटा होता. ओळख पटवायला, प्रवासाचा माग काढायला, मोठ्या कुळांचे जुने दुवे शोधायला हा धागा आजही स्वस्त आणि मस्त.

अडचण येते ती जवळच्या बहिणींत, आणि तिचं कारण दरवेळी संकरच असतं असंही नाही. क्युलेक्स डासांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू पेशींत राहतो. तोही आईकडूनच उतरतो आणि स्वतःच्या प्रसारासाठी डासांच्या प्रजननात ढवळाढवळ करतो. त्याची एखादी यशस्वी जात वस्तीभर पसरली की तिच्याबरोबर ज्या आईचा मायटोकॉन्ड्रिया होता तोच सर्वत्र होतो. डासांचा इतिहास वाचतोय असं वाटतं, प्रत्यक्षात आपण जिवाणूचा वाचत असतो. एडीस इजिप्तीत आणखी तिसरीच भानगड : मायटोकॉन्ड्रियाचे जुने तुकडे केंद्रकातल्या गुणसूत्रांत जाऊन चिकटलेले आहेत, आणि पीसीआरमध्ये खऱ्याऐवजी तेच वाढून येऊ शकतात. अक्षरं वाचताना मध्येच प्रथिनाला पूर्णविराम देणारा संकेत दिसला, की अनुभवी माणूस आधी या भुतांवर संशय घेतो.

जे ओलांडून गेलं

इथवरचं सगळं वंशावळीच्या टिपणांपुरतं राहिलं असतं, तर हिवताप निर्मूलनवाल्यांनी त्याची फारशी दखल घेतली नसती. पण कुंपणातून फक्त मायटोकॉन्ड्रिया गेला नाही.

दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवर एक मोठा उलटा तुकडा आहे, ‘टू-एल-ए’. अरेबिएन्सिसमध्ये तो सरसकट, क्वाड्रिॲन्युलेटसमध्ये अजिबात नाही, आणि गँबिई-कोलुझ्झीमध्ये काहींत आहे, काहींत नाही. कॅमेरूनच्या दमट जंगलाकडून उत्तरेला साहेलच्या कोरड्या पट्ट्याकडे जात राहिलं, की गँबिईत त्याचं प्रमाण वाढत जातं. प्रयोगशाळेतही हा तुकडा बाळगणाऱ्या माद्या कोरड्या हवेत अधिक तग धरतात. उत्तर नायजेरियात गार्की इथं १९७०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं घराघरांत फवारणी करूनही हिवताप हटला नाही. त्या वेळी कोलुझ्झींच्या गटाला दिसलं की एकाच प्रजातीतल्या वेगवेगळ्या उलट्या तुकड्यांच्या डासांचं घरात बसण्याचं प्रमाण वेगवेगळं आहे, म्हणजे औषध सगळ्यांपर्यंत सारखं पोचतच नव्हतं. अशा गुणांचे गठ्ठे बहिणी-बहिणींत फिरू शकतात, हे २०१५च्या झाडानं दाखवलं.

आणि ही फिरती फार जुनी नाही. गँबिई आणि कोलुझ्झी या तर आणखी जवळच्या, त्यांच्या संकरात मुलगेही वंध्य नसतात. पश्चिम आफ्रिकेत पायरेथ्रॉइड औषधांना दाद न देणारा ‘केडीआर’ बदल आधी गँबिईत होता. मालीत औषधी मच्छरदाण्यांचं मोठं वाटप सुरू झालं त्याच सुमारास, २००६च्या आसपास, तिथल्या कोलुझ्झीतही तो आढळू लागला. नव्यानं उपजला नव्हता. गँबिईच्या दुसऱ्या गुणसूत्राचा आजूबाजूचा भाग जसाच्या तसा घेऊन आला होता, म्हणजे लग्नातूनच. त्या डासांचा नुसता मायटोकॉन्ड्रिया वाचून हे कधीच कळलं नसतं. तो दोन्हींकडे आधीपासूनच सारखा होता.